शेततळ्यात चिलापीचा सुळसुळाट. मरळ सोडायची तर आधी जाळं मारा, मांगूरच्या नादी लागू नका

कवठे येमाई (ता. शिरूर) : उन्हाळ्यात कांद्याला दोन पाणी जास्त मिळावीत म्हणून शेततळं केलं. पाणी आहेच तर मासेही होतील म्हणून रोहू-कटल्याचं बीज आणून सोडलं. वर्षभराने जाळं टाकलं तर रोहू चार, कटला दोन आणि बाकी सगळी बोटाएवढी चिलापी. विकावी तर घेणारा नाही, खावी तर नुसते काटे. घोड-कुकडीच्या पट्ट्यात ज्यांनी कालव्याच्या आवर्तनाचं किंवा बंधाऱ्याचं पाणी उचलून तळं भरलं, त्यांना हे चित्र नवं नाही.

मग कुणीतरी सल्ला देतं, ‘खाणारा मासा सोड, आपोआप साफ होईल.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. कोणता मासा, किती मोठा, कधी सोडायचा आणि त्याआधी काय करायचं, हे कळलं नाही तर चिलापी राहते आणि पैसे देऊन आणलेला रोहू तेवढा पोटात जातो.

चिलापी आली कुठून?

चिलापी आपल्या नद्यांची नाही. तिचं मूळ पूर्व आफ्रिकेत. झटपट वाढणारा, स्वस्त मासा म्हणून ती १९५२ मध्ये भारतात आणली गेली. लगेच लक्षात आलं की ही जिथे जाते तिथे बाकीच्या माशांना जागा ठेवत नाही. १९५९ मध्येच देशाच्या मत्स्य संशोधन समितीने तिचा प्रसार थांबवायला सांगितलं. तोवर उशीर झाला होता. आज उजनीच्या जाळ्यात काय येतं हे भिगवणच्या मासळी बाजारात एक चक्कर मारली की समजतं. चिलापीचे ढीग तिथे रोजचे आहेत. आपली घोड भीमेला मिळते आणि भीमेचं पाणी उजनीत जातं, म्हणजे हा गोतावळा एकच आहे.

शेततळ्यात ती तीन वाटांनी येते. पहिली वाट मोटरीची. फुटव्हॉल्व्हच्या जाळीतून काडी-कचरा अडतो, पण तांदळाएवढी पिलं अडत नाहीत. मोटरीच्या पंख्यात बरीच मरतात, काही जगतात, आणि तेवढी पुरतात. दुसरी वाट बीजाच्या पिशवीची. ओळखीच्या नसलेल्या माणसाकडून स्वस्तात घेतलेल्या बीजात काय काय मिसळलेलं असतं ते सहा महिन्यांनी कळतं. तिसरी वाट घरातल्या पोरांची: नदीवरून बाटलीत दोन मासे आणले आणि तळ्यात सोडले. यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, पण चिलापीला सुरुवात करायला एक नर आणि एक मादी एवढंच लागतं.

एका मादीचा हिशोब

रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत. त्यांना वाहतं पाणी, पूर लागतो. म्हणून शेततळ्यात जेवढी बोटुकली सोडाल तेवढेच मासे राहतात, वाढत नाहीत. चिलापीचं उलटं आहे. ती दोन-तीन महिन्यांची, चार बोटांची झाली की पिलं द्यायला तयार. मादी अंडी तोंडात धरून ठेवते, पिलं पोहायला लागली तरी धोका दिसला की परत तोंडात घेते. त्यामुळे अंडी वाया जात नाहीत, पिलं मरत नाहीत. पाणी कोमट असेल तर साधारण महिना-दीड महिन्याने पुढचं वेत.

समजा तळ्यात दहाच माद्या आहेत आणि प्रत्येकीची दोनशे पिलं वाचली. झाली दोन हजार. तीन महिन्यांनी त्यातल्या निम्म्या माद्या तयार. आता त्यांना खाद्य कमी पडतं म्हणून वाढ खुंटते, पण पिलं देणं थांबत नाही. उलट उपाशी, खुजी चिलापी आणखी लहान वयात पिलं देते. म्हणून वर्षभराने तळ्यात मोठा मासा एकही नसतो आणि लहानांची गिनती नसते. रोहूसाठी टाकलेला कोंडा-पेंड हीच फस्त करते. तळ गढूळ होतो, विष्ठेने पाणी हिरवं पडतं आणि ठिबकचा फिल्टर वारंवार धुवावा लागतो. ज्याला माशांचं काही देणंघेणं नाही, फक्त ठिबक चालवायचं आहे, त्याचीही डोकेदुखी हीच.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. चिलापी गरम देशातली. पौष-माघात पाणी गार पडलं की तिची पिलावळ मंदावते. म्हणजे थंडीत तळ्यात जे आहे ते वाढत नाही. जाळं मारायला हा चांगला काळ.

मरळ काय करते, काय करत नाही

खाणारा मासा म्हणून आपल्याकडे पहिलं नाव येतं मरळीचं. ती इथलीच. ओढ्या-नाल्यात, विहिरीत, गावतळ्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. डोकं सापासारखं, अंगावर खवले, मिशा नाहीत. वर येऊन हवेतून श्वास घेते, त्यामुळे ढगाळ दिवसांत पाण्यातला प्राणवायू संपून रोहू-कटला तडफडतात तेव्हाही ती टिकते. बाजारात तिला भाव चांगला. आणि मुख्य म्हणजे ती दबा धरून पिलं खाते.

पण मरळ चावून खात नाही, गिळते. तोंडात मावेल तेवढंच तिच्या कामाचं. वीतभर मरळीला दोन बोटांची चिलापी जाते, तळहाताएवढी जात नाही. चिलापी अंगाने रुंद, पाठीवर काटे. म्हणजे ज्या मोठ्या माद्या पिलं काढतात त्यांना मरळ हात लावू शकत नाही. दहा मोठ्या माद्या तशाच ठेवून तळ्यात मरळ सोडली तर मरळ खात राहणार आणि माद्या काढत राहणार. कुणी म्हणतं, ‘मरळ सोडून काही फरक पडला नाही.’ बहुतेक वेळा चूक हीच असते.

म्हणून क्रम असा. आधी जाळं. ओढजाळं तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीनदा ओढायचं, आठवड्याने परत. रोहू-कटला निघाले तर ओल्या हातांनी परत पाण्यात, चिलापी सगळी बाहेर. मोठी चिलापी खायला चांगली असते. ती वाटून टाका, विका, कोंबड्यांना घाला, काहीही करा, पण जिवंत ओढ्यात ओतू नका. आपल्या तळ्यातली घाण खालच्या गावाच्या बंधाऱ्यात सोडण्यासारखंच ते आहे.

मोठ्या माद्या निघाल्या की मग मरळ. उरलेल्या लहान पिलांवर ती तुटून पडते, आणि नव्याने जन्मणारी पिलं मोठी होण्याआधीच कमी होतात. मरळीचं काम चिलापी संपवण्याचं नाही, तिला वाढू न देण्याचं आहे. हा फरक लक्षात ठेवून सोडली तर निराशा होत नाही.

रोहू-कटल्याचं काय? मरळीला चिलापी आणि रोहू यातला फरक कळत नाही. ज्या तळ्यात मरळ आहे तिथे मत्स्यजिरे किंवा नखाएवढं बीज सोडणं म्हणजे तिला जेवण वाढणं. बोटुकलीही लहानच पडते. रोहू-कटला आधी सोडून ते मरळीच्या तोंडात न मावण्याएवढे, साधारण शंभर ग्रॅमचे झाले, की मगच मरळ. किंवा मरळ छोटी आणि रोहू मोठा. या दोन वाक्यांत सगळं आलं.

किती सोडायच्या? तीस बाय तीस मीटरच्या तळ्याला वीस-पंचवीस मरळींनी सुरुवात करावी आणि बघावं. यापेक्षा नेमका आकडा छातीठोकपणे सांगणारा भेटला तर तो बहुधा बीज विकायला आलेला असतो. सगळ्या मरळी एकाच मापाच्या घ्याव्यात, नाहीतर मोठी मरळ लहान मरळीला खाते. महिन्यातून एकदा तळ्याच्या एकाच कोपऱ्यात फेकजाळं टाकायचं, किती पिलं आली ते मोजायचं, मोबाईलमध्ये तारीख टाकून लिहून ठेवायचं. आकडा उतरत गेला आणि मधल्या मापाची चिलापी जाड दिसू लागली तर गाडी रुळावर आहे. पिलं दिसेनाशीच झाली आणि मरळी बारीक व्हायला लागल्या तर काही मरळी काढून विकाव्यात. आकडा चढतोय तर मोठ्या माद्या राहिल्यात, परत जाळं.

मरळ तळ्यात राहील याचीही सोय लागते. पावसात कड ओली झाली की ती उड्या मारून, सरपटत बाहेर पडते. तळ्याभोवती दोन-अडीच फूट जाळी लावली तर मरळही राहते आणि शेळ्या-कुत्रीही लांब राहतात.

पावसाळ्यात ओढ्याच्या काठाला मरळीच्या लालसर पिलांचा गोळा दिसतो, खाली आई-बाप राखण करत असतात. तो गोळा भरून आणायचा मोह होतो. त्या वेळी मोठी मरळ मारली तर सगळी पिलं जातात. ओढ्यातली मरळ आधीच कमी झाली आहे, ती आणखी कमी करून तळं भरण्यात शहाणपण नाही. बीज खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावं. पुण्यातल्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात किंवा नारायणगाव, बारामती इथल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारलं तर कुठे मिळेल ते समजू शकतं.

मांगूर : स्वस्तात पडेल, महागात जाईल

मरळीचं बीज मिळायला अवघड आणि महाग. इथेच घोळ होतो. कुणीतरी म्हणतो, ‘मरळ कशाला, मांगूर घ्या, काहीही खातो, लवकर वाढतो.’ बरोबर आहे, काहीही खातो. थाई मांगूर म्हणून जो विकला जातो तो आफ्रिकेतला मासा. चिलापी खाईल, रोहू खाईल, बेडूक खाईल, मेलेलं जनावर खाईल. ओल्या जमिनीवरून सरपटत तळ्याबाहेर जाईल. एका पावसात तळं ओसंडलं की तो ओढ्यात, ओढ्यातून घोडेत, घोडेतून भीमेत. तिथे त्याला अडवणारं कुणी नाही.

देशात या माशाच्या पालनावर बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर मत्स्यव्यवसाय विभागाने राज्यात ठिकठिकाणी मांगूरची तळी रिकामी करून मासे नष्ट केले. पुण्या-सोलापुरात भीमेच्या पट्ट्यात अशा कारवायांच्या बातम्या वाचकांनी वाचल्याच असतील. चिलापी मारायला आणलेल्या माशासाठी तळं रिकामं करून घ्यायची वेळ आली तर त्या उन्हाळ्याचा कांदा गेलाच म्हणायचा.

ओळखायला सोपं आहे. मरळीच्या अंगावर खवले असतात आणि तोंडाला मिशा नसतात. मांगूरचं अंग गुळगुळीत आणि तोंडाला लांब मिशा. देशी मागूरही मिशावालाच असतो आणि पिलं लहान असताना देशी कोणता नि थाई कोणता हे सांगणं अवघड. म्हणून पिशवीत मिशावालं पिलू दिसलं की पिशवी परत. ‘मरळच आहे, मोठी झाल्यावर खवले येतात’ असं कुणी म्हटलं तर हसून निघावं.

खाणारा मासा सोडून पस्तावल्याचं जगातलं मोठं उदाहरण आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचं. १९५० च्या दशकात तिथे नाईल पर्च नावाचा मोठा शिकारी मासा सोडला गेला. त्याने सरोवरातल्या, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या लहान माशांच्या शेकडो जाती संपवत आणल्या. शेततळं म्हणजे सरोवर नव्हे, पण तळ्याचा सांडवा शेवटी नदीलाच लागतो. पाझर तलावात किंवा गावतळ्यात तर मरळसुद्धा परस्पर सोडू नये. ते पाणी बहुधा मच्छीमार सोसायटीच्या ठेक्याचं असतं आणि तिथलं बीज दुसऱ्याच्या पैशांचं.

वैशाखातली संधी

खरं सांगायचं तर चिलापीवर सगळ्यात पक्का उपाय तळं कोरडं करणं हाच. पण शेततळं त्यासाठी केलेलं नाही. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हापासून गावोगाव तीस बाय तीस बाय तीन मीटरची तळी झाली. असं तळं भरलं की जवळपास २२ लाख लिटर पाणी धरतं. माघ-फाल्गुनात ते पाणी सोडून द्या असं कोणत्याही शेतकऱ्याला सांगणं म्हणजे चेष्टा. म्हणून वाट बघायची. वैशाखात शेवटचं पाणी पिकाला गेलं, तळ्यात कमरेएवढं उरलं, की संधी आली.

पाणी उपसून तळ दिसला तर प्रश्नच मिटला. मासे वेचायचे, गाळ काढायचा, दोन-चार दिवस ऊन द्यायचं. कागद फार दिवस उघडा ठेवू नये, वारा खालून शिरला की उचलतो. डबक्यात थोडं जरी पाणी राहिलं तरी त्यात चिलापीची पिलं तग धरतात, हे विसरू नये.

पूर्ण उपसणं शक्य नसेल तर मोहाची पेंड. मत्स्यशेतीतलं ठरलेलं प्रमाण असं : एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी २५०० किलो. आपल्या तळ्याचे उतार धरले तर तळाशी एक मीटर पाणी म्हणजे साधारण सव्वासहा लाख लिटर. त्याला दीडशे ते एकशे साठ किलो पेंड लागते. पेंड भिजवून सगळीकडे सारखी टाकली की मासे वर येतात आणि जाळ्याने काढता येतात. पेंडीतलं विष माशांच्या कल्ल्यांवर काम करतं. पंधरा-वीस दिवसांनी त्याचा जोर जातो आणि पेंड खत म्हणून कामी येते. तेवढे दिवस जनावरांना ते पाणी पाजू नये आणि नवीन बीज सोडू नये. तळ्यात मरळ किंवा रोहू असतील तर तेही मरतात, ते आधी काढून घ्यावेत.

पेंड न मिळाल्याने कुणी फवारणीचं औषध तळ्यात ओतण्याचा विचार करत असेल तर तो डोक्यातून काढावा. असे मासे खाणाऱ्याच्या जिवावर बेततं, आणि ते पाणी पाझरून शेजाऱ्याच्या विहिरीत गेलं तर प्रकरण पोलिसांत जातं.

जाळं ओढताना

कागदाच्या तळ्यात जाळं ओढणं हे नदीत ओढण्यासारखं नाही. शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही एकदा घसरला की वर येऊ शकत नाही, कारण धरायला काहीच नसतं. शेततळ्यात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि त्यात लहान मुलं असतात. जाळं मारायच्या दिवशी चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडलेले असावेत, हवा भरलेली ट्यूब काठावर असावी, आणि एक माणूस फक्त बघायला बाहेर उभा असावा. एकट्याने उतरू नये. मासे बघायला पोरांची गर्दी होतेच. त्यांना जाळीच्या बाहेर ठेवावं.

कागदाचीही काळजी आहे. जाळ्याची शिशाची किनार हळू ओढावी, गळ आणि लोखंडी आकडे वापरू नयेत. एक बारीक भोक पडलं तर आधी पाणी जातं, मग मासे.

पुन्हा भरताना पिशवी बांधा

जूनपर्यंत तळं साफ झालं तरी पहिल्याच आवर्तनाला मोटर सुरू केली की चिलापी परत. तिथे खर्च शे-दोनशेचा आहे. पाइपच्या तोंडाला, जिथून पाणी तळ्यात पडतं तिथे, मच्छरदाणीच्या कापडाची दुहेरी पिशवी बांधायची. पिशवी लांब असावी, हातभर तरी, म्हणजे पाण्याच्या दाबाने फाटत नाही. रोज सोडून झटकायची. त्यात काय काय सापडतं ते पाहिलं की फुटव्हॉल्व्हच्या जाळीवरचा विश्वास उडतो. सांडव्यालाही तशीच जाळी, म्हणजे आपल्या मरळी ओढ्यात जाणार नाहीत.

रोहू-कटल्याचं बीज श्रावणात येईल तेव्हा पिशवी उघडण्याआधी थोडं बीज पांढऱ्या घमेल्यात ओतून बघावं. त्यात उभ्या काळसर पट्ट्यांचं, पाठीवर काटेरी पंख उभारणारं पिलू दिसलं तर ती चिलापी.